नातं हाच क्लायंट म्हणायचं, तर मग गुरुवारच्या फोनचं काय करायचं?

कडुनिंब
गुरुवार, रात्री १०:४२

नमस्कार. धागा खरं तर जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी आहे, पण इथे कोण कुणाचं ऐकतं, तेव्हा सगळ्यांनीच लिहा.

मी नागपुरात सात वर्षं प्रॅक्टिस करते. पहिली चार वर्षं एकेकट्या माणसांसोबतच काम केलं, मग जोडपी घ्यायला लागले आणि आधी शिकलेलं बरंचसं आडवं यायला लागलं. एकट्या माणसाच्या थेरपीत आपण त्याच्या बाजूने बसलेले असतो. तेच जोडप्यासमोर केलं की दहा मिनिटांत एक फिर्यादी, एक आरोपी आणि आपण न्यायाधीश. म्हणून मी पहिल्याच सेशनला सांगून टाकते, "तुम्ही माझे क्लायंट नाही, तुम्हीही नाही. तुमच्या दोघांमध्ये जे काही आहे, तो माझा क्लायंट." लोक माना डोलावतात. मलाही हे वाक्य आवडतं.

आज दुपारी या वाक्यावरच मी आपटले. एक जोडपं आहे (तपशील बदललेत), लग्नाला नऊ वर्षं, एक मुलगी. तो मिहानमध्ये नोकरीला, ती शिक्षिका. चार सेशन्स झालीत, पाचवं परवा शनिवारी साडेचारला. आज तिचा फोन. "मॅडम, मी वकिलांना भेटून आले. यांना सांगू नका. शनिवारी आम्ही येतोच आहे." आणि ठेवून दिला. मला "थांबा" म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

आता माझा क्लायंट नातं असेल, तर त्या क्लायंटपासूनच मी काहीतरी लपवून बसले आहे. सांगितलं तर तिचा विश्वास गेला. नाही सांगितलं तर शनिवारी त्याला "तिच्याकडे बघून बोला" म्हणताना माझी जीभ अडखळणार. एकट्याने सांगितलेल्या गोष्टींचं काय करायचं हे मी सहमतीपत्रात नीट लिहिलेलं नव्हतं. ती चूक माझीच, त्यावर बोलणी खायची तयारी आहे. पण शनिवारचं काय?


तर्रीबाज
गुरुवार, रात्री १०:५१

नातं हाच क्लायंट, हे ठीक हाय. पण फी कोण देते बाप्पा?


कडुनिंब
गुरुवार, रात्री १०:५५

@तर्रीबाज, तो. मोबाईलवरून. दर वेळी "झाले बरं का पेमेंट" असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून. तुम्ही गंमत केली, पण त्या एका वाक्यावर मी एक अख्खं सेशन काढू शकते.


वाळ्याची_ताटी
गुरुवार, रात्री ११:०२

रुमाल टाकून ठेवते. सकाळी नीट वाचते.


खामला_चौक
गुरुवार, रात्री ११:३८

कडुनिंबताई, मी भावनाकेंद्रित पद्धतीने काम करतो, त्यामुळे चष्मा त्याच नंबरचा आहे हे आधी सांगतो. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅनडात ही पद्धत मांडली. पुढे जॉन्सनबाईंनी तिला मानसोपचारतज्ज्ञ बोल्बींच्या अटॅचमेंटच्या, म्हणजे जवळच्या माणसाशी जुळणाऱ्या बंधाच्या विचाराची बैठक दिली. २०२४ मध्ये त्या गेल्या. पद्धतीचे तीन टप्पे, नऊ पायऱ्या, पण गाभा एकच: दोघांपैकी कोण चुकतं ते शोधायचं नाही, दोघं मिळून कुठल्या चक्रात फिरतात ते शोधायचं. ती विचारते, तो गप्प होतो. तो गप्प झाला म्हणून ती जोरात विचारते. ती जोरात बोलली म्हणून तो गच्चीवर जातो. तिच्या लेखी तो निघून जातो म्हणून ती ओरडते, त्याच्या लेखी ती ओरडते म्हणून तो निघून जातो. दोघंही खरं बोलताहेत. 'नातं क्लायंट' याचा माझ्यापुरता अर्थ इतकाच की मी त्या चक्रावर बोट ठेवणार, माणसावर नाही.

आता फोन. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: खासगी आणि लपवलेलं. तिला लहानपणी कुणी काय म्हटलं, हे खासगी. तिने कधी सांगायचं ते ती ठरवेल. पण जी गोष्ट कळली असती तर समोरच्याने वेगळा निर्णय घेतला असता, ती लपवलेली. वकील दुसऱ्या खान्यात येतो. माझ्या सहमतीपत्रात असं आहे: अशी गोष्ट मी स्वतःहून फोडणार नाही, ती सांगायला तुम्हाला मदत करेन, आणि तुमची सांगायची तयारी नसेल तर कारण न देता एकत्र सेशन्स थांबवेन. हे पहिल्या दिवशी दोघांसमोर मोठ्याने वाचतो. वाचताना कुणीतरी एक जण हमखास खाली बघतो.

तुमच्याकडे हे लिहिलेलं नाही. तरी उद्या सकाळी तिला फोन करा. शनिवारपर्यंत थांबू नका.


पेठेतला
शुक्रवार, सकाळी ७:१५

पुण्यातून राम राम. खामलाभाऊंशी सहमत, पण एक शंका. ती वकिलाकडे जाऊन आली याचा अर्थ आपण इथे फार लवकर लावतोय. वकिलाकडे लोक माहिती घ्यायलाही जातात, धीर गोळा करायलाही जातात. तिचा एक पाय दाराबाहेर आहे का, हे आधी बघायला हवं. असेल, तर चालू असलेली कपल थेरपी हे चुकीचंच औषध आहे, कारण एक जण नातं दुरुस्त करायला बसलाय आणि दुसरा ठरवायला. मिनेसोटाच्या विल्यम डोहर्टींनी अशा जोडप्यांसाठी वेगळंच छोटं काम आखलं आहे, जास्तीत जास्त पाच सेशन्सचं. त्यात नातं सुधारायचा प्रयत्नच नसतो. राहायचं, निघायचं, की काही महिने मनापासून प्रयत्न करून बघायचा, एवढंच स्पष्ट करायचं. प्रत्येकाशी बराच वेळ वेगळं बोलतात.

शिवाय भांडण मिटलं म्हणजे थेरपी झाली, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. सिअ‍ॅटलच्या जॉन गॉटमनांच्या पाहणीत जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे निघाले, म्हणजे वर्षानुवर्षं तेच. टिकणारी जोडपी ते सोडवत नाहीत, त्यांच्यासोबत नांदतात. आमच्याकडे गेली अकरा वर्षं पंखा तीनवर ठेवायचा की पाचवर हा वाद चालू आहे.


तर्रीबाज
शुक्रवार, सकाळी ७:४०

पुण्यात पंख्यावर भागते, हे वाचून अंमळ हळहळ वाटली. इथं ४५ डिग्री चालू हाय, आमचे वाद कूलरचे असतात. पाणी कोण भरन ह्यावर आमच्या गल्लीत दोन संसार मोडता मोडता वाचले.


जुनी_खोड
शुक्रवार, सकाळी ९:२०

कडुनिंब, पहिले तुला रागावते. एखाद्या चालू केसबद्दल रात्री पावणेअकराला उघड्या मंचावर लिहायचं नसतं. तपशील बदललेस म्हणतेस, पण मिहान आणि शिक्षिका ही जोडी नागपुरात बोटावर मोजण्याइतकी नसली, तरी ओळखणारा ओळखतो. नागपूर लहान आहे बाई. सुपरव्हिजनला जा, अनुभवी समुपदेशकासमोर केस मांड.

आता मुद्द्यावर येते. मी १९९० च्या दशकात एका महिला केंद्रात काम करायचे. आता निवृत्त आहे. 'नातं हाच क्लायंट' तेव्हा आम्ही म्हणत नव्हतो, पण करत तेच होतो. एक जोडपं आठवतं. तो तिला खेटून बसला होता. मी काही विचारलं की तिच्याआधी त्याचं उत्तर यायचं, आणि मग ती म्हणायची, "हो, तसंच." तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि पूर्ण वेळ ती पायाच्या बोटांनी तो धरून होती. मला ते दिसत होतं. पण त्या वयात मला वाटलं, गरिबी आहे. ती चप्पल येताना रस्त्यात तुटली होती, कारण तिला ओढत आणलं होतं. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तिच्या बहिणीकडून, दवाखान्यात. आणि त्या दिवशी आम्ही त्यांना काय सांगून घरी पाठवलं? "दोघांनीही थोडं थोडं समजून घ्या."

खामला_चौक, तुझं चक्र मला पटतं, पण मार दोघांच्या मध्ये नसतो. तो एका हाताकडून एका गालाकडे जातो. तिथे 'दोघं मिळून' म्हणणं म्हणजे तिच्याच पदरात अर्धा वाटा टाकणं. म्हणून मला एवढंच सांग, कडुनिंब: तू त्या दोघांना सुरुवातीला वेगवेगळं भेटली होतीस का? आणि "यांना सांगू नका" म्हणताना तिचा आवाज कसा होता?


खामला_चौक
शुक्रवार, सकाळी ९:४८

खोडमावशी, वाद नाही. जॉन्सनबाईंच्या पद्धतीतही मारहाण चालू असेल तर हे काम करू नये असंच शिकवतात. समाजशास्त्रज्ञ मायकल जॉन्सन यांनी (त्या वेगळ्या, हे वेगळे) केलेला फरक मला कामाला येतो. एकीकडे भांडण हाताबाहेर जाऊन कधीतरी दोघांकडून हात उठणं, दुसरीकडे एकाने दुसऱ्याला कायम धाकात, मुठीत ठेवणं. दुसऱ्या प्रकारात जोडपं एकत्र बसवणं म्हणजे तिने इथे उघड केलेल्या गोष्टीची शिक्षा घरी मिळण्याची सोय करणं. त्यामुळे पहिलं सेशन दोघांचं, मग एकेक वेगळं, मग पुन्हा दोघांचं, असा क्रम मी मोडत नाही. क्रिस्टेन्सन आणि जेकबसन यांच्या पद्धतीतही सुरुवात अशीच आहे. वेगळ्या भेटीत मी सरळ विचारतो, "घरी कुणाची भीती वाटते का?"


कडुनिंब
शुक्रवार, दुपारी १२:०५

मावशी, रागावलात ते बरोबर. वरच्या पोस्टमधलं अजून थोडं बदलते. आणि हो, वेगवेगळं भेटले होते. भीती नाही. थकवा आहे. फोनवरचा आवाज घाबरलेला नव्हता, बाजार करून आल्यासारखा होता. पिशव्या खाली ठेवल्यावर येतो ना, तसा.

आज सकाळी तिला फोन केला. म्हटलं, मी यांना सांगणार नाही. पण हे पोटात ठेवून मी शनिवारी तुमच्या दोघांसमोर बसू शकत नाही. तुम्ही सांगणार असाल तर कसं सांगायचं ते आपण आधी अर्धा तास बोलू. नसाल तर शनिवारचं सेशन मी रद्द करते, कारण देणार नाही. ती म्हणाली, "बघते." दुपार झाली, अजून बघतेच आहे.

एक गोष्ट इथे लिहायची राहिली होती. मराठी आपल्याला या कामात एक गोष्ट फुकटात देते असं मला वाटतं. ती त्याच्यासमोर बसून मला सांगते, "हे कधी विचारत नाहीत." हे! माणूस दीड फुटावर बसलाय. मी म्हणते, मला नका सांगू, त्यांना सांगा. मग ती मान वळवते, आणि वाक्य बदलावंच लागतं: "तुम्ही मला कधी विचारत नाही." 'हे' म्हणताना तक्रार असते, 'तुम्ही' म्हणताना घसा दाटतो. दर वेळी.

दुसरं, आम्ही आणि आपण. 'आम्ही' म्हणजे तू त्यात नाहीस, 'आपण' म्हणजे तूही आहेस. नवरा बायकोला सांगतो, "आम्ही दिवाळीला गावी जातो." आम्ही कोण? तो, आई, भाऊ. ती उत्तर देते, "तुमच्याकडे तसंच असतं." नऊ वर्षं झाली तरी तुमच्याकडे! मी वहीत दोन रकाने करते आणि 'आपण' मोजते. पहिल्या सेशनला पन्नास मिनिटांत तीन आले होते, त्यातले दोन मुलीच्या शाळेबद्दल. चौथ्या सेशनला अकरा. म्हणून तर तो फोन आला तेव्हा मी पडलेच.


तर्रीबाज
शुक्रवार, दुपारी १२:२२

ताई, तुमचा रकाना नागपुरात फेल हाय. इथं 'आपण' म्हणजे मी. "आपण तर स्पष्ट बोलतो", "आपल्याले काय करायचं हाय", "आपलं असं हाय भाऊ". आमच्या पानठेल्यावर माणूस एकटा उभा राहून दिवसभर आपण-आपण करते. त्याले बायको हाय का नाही तेबी माहीत नाही.


पेठेतला
शुक्रवार, दुपारी १२:३०

आणि पुण्यात 'आपण' म्हणजे तुम्ही. "आपण कधी उठणार आहात?" हा प्रेमाचा प्रश्न नसतो.


कडुनिंब
शुक्रवार, दुपारी १२:४१

:-D मान्य. अकरामधले किती कुठले होते ते आता तपासायला हवं.


नवतपा
शुक्रवार, दुपारी २:१०

मी एमए करते आहे, सध्या प्लेसमेंटवर, म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष काम. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. नॅरेटिव्ह थेरपीत मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन समस्येला माणसाच्या बाहेर काढून बघायला सांगतात. माणूस म्हणजे समस्या नाही, समस्या म्हणजे समस्या. वर्गात हे शिकवताना सगळी उदाहरणं परदेशातली होती. मला मात्र मारबत आठवली. तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालात पिवळी आणि काळी मारबत निघते, सोबत बडग्यांचे पुतळे, आणि लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" रोगराई काय, महागाई काय, सगळं त्या पुतळ्याच्या गळ्यात घालून गावाबाहेर नेतात आणि जाळतात. शंभरहून जास्त वर्षं नागपूर हेच तर करत आलंय. सुपरव्हायझरना विचारून मी एका जोडप्याला म्हटलं, तुमच्या भांडणाची मारबत केली तर ती कशी दिसेल? ते दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. तो म्हणाला, तिच्या हातात मोबाईल असेल. ती म्हणाली, आणि तोंड तुमच्या मामीसारखं.


जुनी_खोड
शुक्रवार, दुपारी २:४४

पोरी, कल्पना छान आहे, वापर. फक्त एक ध्यानात ठेव. मारबत जाळून लोक घरी येतात तेव्हा हात तेच असतात. ज्या गोष्टीला माणूस जबाबदार आहे ती पुतळ्याच्या गळ्यात घालू द्यायची नाही. मामीचं तोंड चालेल, स्वतःचा हात नाही चालणार.


काळा_कोट
शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

कोर्टातून आत्ता आले. तुम्हा लोकांचं वाचून वाटतं की वकील म्हणजे मारबतच. पेठेतला म्हणतात ते खरं आहे, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांना घटस्फोट नको असतो, त्यांना मुलाचं आणि घराचं काय होईल ते कळून झोप हवी असते.

तीन कोरड्या गोष्टी. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा, त्याच्या कलम ९ मध्ये न्यायालयाने तडजोडीचे प्रयत्न करावेत असं आहे. लोक त्याला समेट म्हणतात आणि समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणं असं धरून चालतात. तडजोड नीट वेगळं होण्याचीही असू शकते. दुसरं, परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबावं लागतं, पण ती मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. "अजून सहा महिने आहेत आपल्याकडे" या हिशेबावर थेरपी आखू नका.

तिसरं महत्त्वाचं. मोबाईल बाहेर ठेवायला लावा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जोडीदाराचं बोलणं त्याच्या नकळत रेकॉर्ड केलेलं असलं, तरी वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून मांडता येतं. तुमच्या खोलीत रेकॉर्ड झालेलं चालेल की नाही यावर उद्या कुणीतरी भांडेल. ते भांडण तुमच्या खोलीवरून कशाला?


खामला_चौक
शुक्रवार, संध्याकाळी ६:५२

मोबाईलबद्दल दुप्पट अनुमोदन. माझ्याकडे एकदा शर्टाच्या खिशातून आवाज आला, "आपण काय म्हणालात ते मला समजलं नाही." फोनमधली बाई होती. तिघंही गप्प. मग बायको म्हणाली, "बघा, हिलासुद्धा समजत नाही."


पाणीवाला
शुक्रवार, रात्री ९:१७

मी थेरपिस्ट नाही. नवरा आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं अशाच एका ताईंकडे जात होतो, नाव सांगत नाही.

बायकोचं म्हणणं, यांना काही वाटतच नाही. मला बोलता येत नाही हे खरं आहे. आमच्या घरी बाबा आईशी 'जेवायला वाढ' आणि 'किती वाजले' एवढंच बोलायचे आणि ते सुखी होते (असं मला वाटायचं). आमच्या भागात नळ पहाटे येतो. उन्हाळाभर मी साडेचारला उठून कूलर भरतो, आधी आमच्या खोलीचा, मग बैठकीतला. एकोणीस बादल्या, पाइप पुरत नाही म्हणून. हे मी ताईंना सांगितलं. मनात म्हटलं, आता त्या हिला सांगतील, बघा किती करतात तुमच्यासाठी.

त्यांनी माझी बाजू घेतली नाही. तिच्याकडे वळून फक्त विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?" ती म्हणाली, "माहीत होतं ना. रोज बादलीच्या आवाजाने जाग येते. म्हणूनच तर राग येतो. कूलरमधलं पाणी संपलं की यांना कळतं, माझं संपलं की नाही कळत."

त्या दिवशी मला त्या ताईंचा भयंकर राग आला होता. पैसे मी दिलेले (तर्रीबाजभाऊ, होय, मीच) आणि उत्तर ती मारून गेली. पण घरी जाताना बर्डीपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही आणि ती शांतता नेहमीसारखी नव्हती. आता ती कधी कधी साडेचारला उठते. बादली उचलत नाही, पायरीवर बसते. थेरपी जमली का नाही, मला सांगता येणार नाही. जाणं थांबवलं, कारण मुलाची दहावी आली.


वाळ्याची_ताटी
शुक्रवार, रात्री ९:२५

पाणीवालाजी... काय लिहिलंय. "माझं संपलं की नाही कळत." मी ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय आणि शेजारची बाई विचारून राहिली, काय झालं म्हणून.


तर्रीबाज
शुक्रवार, रात्री ९:३३

भाऊ, मी गल्लीतल्या पाण्याच्या वादाची मजाक केली होती. परत घेतो. अवांतर: एकोणीस बादल्या लई झाल्या. हनीकॉम्ब पॅड टाका, पाणी कमी लागते.


वाळ्याची_ताटी
शुक्रवार, रात्री ९:३६

हनीकॉम्बला वाळ्याचा वास येतो का? नाही ना? मग बोलू नका.

(यानंतरचे कूलरविषयक १४ प्रतिसाद 'घर-संसार' विभागात हलवले आहेत. धाग्याचं काश्मीर करू नये. – संपादक)


पेठेतला
शनिवार, सकाळी ८:०२

कूलरवाले गेले असतील तर एक खवचट प्रश्न. नागपूर काय, पुणे काय, आपल्याकडे नातं दोघांचं असतं का? 'तुमच्या दोघांमध्ये जे आहे' म्हणता, पण तिथे निम्मी जागा सासूबाईंनी, नणंदेनी आणि गृहकर्जानी घेतलेली असते. मग क्लायंट कोण? अख्खं घर?


कडुनिंब
शनिवार, सकाळी ९:१०

याच प्रश्नावर मला माझ्याच कूलरने उत्तर दिलंय. माझी खोली छोटी, वेटिंग बाहेरच, मध्ये प्लायवूड. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत आतलं बाहेर जात नाही, म्हणून मी निश्चिंत असते. मागच्या वर्षी एका जोडप्यासोबत नवऱ्याची आई यायची. सोबत म्हणून, डबा घेऊन. आत यायची नाही. एकदा भर दुपारी लाईट गेली. कूलर थांबला आणि नेमकं त्याच क्षणी तो बायकोला म्हणाला, "आईला नाही म्हणायला मला भीती वाटते गं." तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि दाराबाहेर स्टीलचा डबा पडल्याचा आवाज.

आम्ही तिघंही बसून राहिलो. पुढच्या वेळी आई आली नाही, डबा मात्र त्याच्या हाती पाठवला, सांबारवडी होती, माझ्यासाठीसुद्धा दोन. माझी चूक होती, आवाजाची व्यवस्था लाईटवर सोडायची नसते. पण मी काय शिकले सांगते. आईला आत बोलवून सोडवायचा प्रश्न नव्हता तो. कुटुंब-थेरपीवाले बोवेन त्रिकोणाबद्दल सांगतात ना, दोघांमधला ताण वाढला की तिसरं माणूस ओढलं जातं. त्या दोघांना एकमेकांशी जे बोलता येत नव्हतं, ते आईवरून बोललं जायचं. आई दाराबाहेर राहिली तरी चालतं. फक्त ती दाराबाहेर आहे हे आत बसलेल्या तिघांनी विसरायचं नाही.


जुनी_खोड
शनिवार, सकाळी ९:३१

आणि त्या तिघांतल्या तिसऱ्याने स्वतःलाही विसरायचं नाही. तूही त्रिकोणात ओढली गेली आहेस, गुरुवारच्या दुपारपासून. तिचा फोन वकिलाबद्दल होताच, पण त्याहून जास्त तुला तिच्या बाजूला घेण्याबद्दल होता. मुद्दाम केलं असं म्हणत नाही. आज तिचं उत्तर आलं का?


कडुनिंब
शनिवार, सकाळी ९:३४

सव्वानऊला मेसेज आला. "येतो. मी सांगते." आता यापुढे इथे काही लिहिणार नाही. मावशी, सोमवारी सुपरव्हिजनची वेळ घेतली आहे.


नवतपा
शनिवार, रात्री ८:००

कुणालाच काही विचारायचं नाही हे कळतंय, पण मी दहा वेळा धागा उघडून बघितला.


(पाच आठवड्यांनंतर)


कडुनिंब
रविवार, सकाळी १०:२०

धागा वर काढते. दोघांना हे दाखवलं, दोघांची परवानगी घेतली, त्यांनीच दोन ठिकाणी तपशील आणखी बदलायला लावले. म्हणून थोडक्यात लिहिते.

त्या शनिवारी तिने सांगितलं. अर्धा तास तयारी केली होती आम्ही, पहिलं वाक्य तर लिहूनच ठेवलं होतं. ती वळली, "तुम्हाला एक सांगायचं आहे" म्हणाली, आणि तो म्हणाला, "वकिलाचं ना? माहीत आहे." दोन आठवड्यांपासून माहीत होतं. त्या वकिलांचा कारकून त्याच्या वर्गमित्राचा साडू. मावशी, नागपूर लहान आहे.

म्हणजे चौथ्या सेशनला, ज्यात मी वहीत अकरा 'आपण' मोजून खूश झाले होते, तेव्हा ती वकिलाकडे जायचं ठरवून बसली होती आणि याला कानावर आलेलं होतं. दोघं तेच एक गुपित एकमेकांपासून सांभाळत होते. खामलाभाऊंनी खासगी आणि लपवलेलं असे दोन खाने दिले होते. हा तिसराच निघाला.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आपण काय एवढे वाईट आहोत का?" ती काहीच बोलली नाही, नंतर पर्समधून रुमाल काढला.


पेठेतला
रविवार, सकाळी १०:४१

हा 'आपण' कुठल्या रकान्यात टाकलात?


कडुनिंब
रविवार, सकाळी १०:४९

टाकला नाही. तो दोघांबद्दल बोलत होता की तर्रीबाजच्या पानठेल्यावरच्या माणसासारखा स्वतःबद्दल, मला अजून कळलेलं नाही. तिला विचारलं, तिलाही नाही. पेठेतला यांनी सांगितलेलं छोटं काम सुरू केलंय, राहायचं की निघायचं ते ठरवण्याचं. माझ्याकडे नाही, दुसऱ्या सहकाऱ्याकडे. मी त्यातून बाहेर आहे, सुपरव्हिजनमध्ये तसंच ठरलं. सहमतीपत्र नवीन केलं आहे. ज्यांना नमुना हवा त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोबाईलसाठी दाराबाहेर टोपली ठेवली आहे.


तर्रीबाज
रविवार, सकाळी ११:०३

आणि कूलर?


कडुनिंब
रविवार, सकाळी ११:०५

पाऊस सुरू झाला, बंद आहे. बाहेर जुना रेडिओ ठेवलाय, सेलवर चालणारा.